गादीवाला

सेतूबलच्या बंदराजवळ, जिथे पूर्वी सार्डीन डब्यांत भरत,
त्या गोदामात आता तीन ट्रॅम्पोलिन आहेत.
हवा दमट झाली की भिंतींना अजून मासळीचा वास सुटतो
आणि लहान मुलं नाक चिमटीत धरून उड्या मारतात.

ईरिया सात वर्षांची, मोज्याला भोक,
शनिवारचा वर्ग, पाऊण तास.
ग्राझिएलाबाई म्हणाल्या, आधी थांबायला शीक.
गुडघे वाकव, उडी पोटात घे, गिळून टाक.
बघ, अशी.
ईरियाला थांबायचं नव्हतं.
मीही तिथेच थांबायला शिकलो होतो,
जरा लवकर, आणि जरा जास्तच चांगलं.

मग बसती उडी, पोटावरची, पाठीवरची,
मग कमरेला पट्टा, दोन्ही बाजूंना दोर,
त्यातला एक माझ्या हातात.
मागची कोलांटी, पहिली.
सप्टेंबरात ती सगळीच्या सगळी माझ्या मनगटावर,
नोव्हेंबरात अर्धी,
फेब्रुवारीत दोर नुसता सैल लोंबत होता
आणि मी तो उगाच घट्ट धरून.
पट्टा सोडला त्या दिवशी ती हसली,
माझे तळवे संध्याकाळपर्यंत गरम होते.

शनिवारच्या चौदा जणींतल्या दोन उरल्या.
बाकीच्यांना पोहणं लागलं, चष्मा लागला, गणित लागलं.
आई कागदगिरणीची रात्रपाळी करून येई
आणि टेबलावर डोकं टेकण्याआधी
लिओटार्डला चार टिकल्या शिवून ठेवी.
क्लबात एक यंत्र आलं, हवेतला वेळ मोजणारं,
सेकंदाचे शंभर तुकडे करून.
इतका बारीक हिशोब आमच्या घरात
फक्त विजेच्या बिलाचा होई.

आता दहा उड्या, एकीला एक लागून,
अंगठे ताणलेले, हात मांड्यांना चिकटलेले,
आणि खाली ती लाल फुली,
जिच्यावर परत यायचं. प्रत्येक वेळी. तिथेच.
माझ्याकडे निळी गादी.
ती कुठे चुकीची पडणार असं दिसलं
की पडण्याआधी आत सरकवायची.
पोरं मला गादीवाला म्हणतात.
मी गादीवाला आहे, तेवीस वर्षांचा.

मे महिना, लोले गाव, प्रेक्षकांत कुणाचं तरी तान्हं रडतंय.
नियम सोपा आहे: गादी आत गेली की खेळ संपला,
तोवरचे गुण तुमचे.
सहाव्या उडीला ती फुलीवरून सरकली.
सातवीला आणखी.
आठवीला ती छताजवळ उलटी असताना
मला तिची टाच स्प्रिंगांच्या वर दिसली
किंवा वाटली.
मी ढकलली.

ती गादीवर उतरली, हळू, बसूनच राहिली.
माझ्याकडे पाहिलं तिने, रागाने नाही,
अनोळखी माणूस दार ढकलून आत आला की
पाहतो तसं.
बाईंनी नंतर फोनवर चित्रण थांबवून पाहिलं.
पाय आतच पडला असता, म्हणाल्या, वीतभर आत.
मग म्हणाल्या, बहुतेक.
थांबवलेल्या चित्रात सगळेच वाचतात, टेल्मो.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी, मी मागे.
दोन्ही बाजूंना बुचाची झाडं,
साल सोललेली, खोडं तांबूस उघडी,
आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगात एक आकडा:
कुठल्या साली सोललं तो.
नऊ वर्षं हात लावायचा नाही.
मी आकडे वाचत राहिलो. चार. सात. सात. एक.

मंगळवारी ती आली.
केस बांधले, चढली,
आणि नुसत्या सरळ उड्या मारल्या, दहा,
लहान पोरांसारख्या.
दहावीला गुडघे वाकवून
सगळी उडी पोटात घेतली. एक कंपही नाही.

गादीवाल्या, ती म्हणाली,
इतका जवळ उभा राहू नकोस.
मी दोन पावलं मागे गेलो.
इतका लांब पण नको.

यंत्र सुरू झालं.
मी अजून जागा शोधतोय.